दुर्गाघाटावरची अंबाडी

काशीहून परतलेल्या माणसाला आमच्या परभणीकडे 'प्रवास कसा झाला' असं कोणी विचारत नाही. 'काय सोडलंत?' असं विचारतात. काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ गंगेला सोडून यायचा, ही रीत. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी कारलं सोडलं. ते त्यांनी जन्मात कधी तोंडाला लावलं नव्हतं. त्यांच्या मंडळींनी पडवळ सोडलं. माझ्या सासूबाई तेवढ्या सरळ. त्यांनी खरोखर चहा सोडला आणि पुढे आयुष्यभर आमचा सगळ्यांचा चहा डोळ्यांनी प्यायल्या.

मी काय सोडलं ते राहू द्या. मी काशीत काय पिकवलं, ते ऐकायला मात्र बायका अजून ओट्यावर येऊन बसतात. सांगून सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढते. मी सहावीतून शाळा सोडलेली. नदीला उपमा देता येत नाही आणि देवळांची उंची ठाऊक नाही. जे खाल्लं, जे पाहिलं आणि ज्याला घाबरले, तेवढंच लिहीन. घाबरलेलंच जास्त निघेल.

कार्तिक, दुर्गाघाट

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माझ्या लेकीला, नंदाला, डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं, तेव्हा माहेरच उठून काशीला गेलं. जावई बँकेत, बदली बनारसला. मी एकटीच निघाले. डिंक, खारीक, ज्वारीचं पीठ, आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारून अंबाडीचं बी. बी का घेतलं ते विचारू नका. काही माणसं परक्या मुलखात जाताना देवाचा अंगारा घेतात, मी बी घेते. इटारसीपासून मी दर स्टेशनला 'बनारस आलं का' असं विचारत होते. शेवटी समोरचा एक सरदारजी म्हणाला, "माताजी, आप सो जाइए, बनारस को मैं जगा दूँगा."

रिक्षा एका जागी थांबते आणि तिथून पुढे खरी काशी लागते. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून वरात आली तर आपणही वऱ्हाडी होऊन उलटं चालायचं. पहिल्याच वळणावर एक सांड आडवा उभा. आपल्याकडे बैलाला माणूस हाकतो. इथे सांड माणसाला हाकतो. मी भिंतीला पाठ लावून रामरक्षा सुरू केली. जावई मागून म्हणाले, "आई, त्याला नमस्कार करा आणि बाजूनं निघा." घाईघाईत मी नमस्कार जावयांनाच केला.

घर माईंचं. माई सत्तरी ओलांडलेल्या, कैलासवासी गुरुजींच्या पत्नी. त्यांच्या घराण्यातलं कोणीतरी पेशव्यांच्या काळात काशीला आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, पण पोह्यांत शेव मिसळावी तशी त्यात हिंदी. मी उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच माई म्हणाल्या, "सगुणा ना तू? ये. आधी चाय घे, सामान उचलायची जल्दी काय आहे? ठंड सुरू झालीये आणि तू अशी उघड्या कानांनी हिंडतेस?" आणि स्वतःची शाल माझ्या डोक्याला गुंडाळली. मला रडूच आलं. मला लवकर येतं.

माईंचे गुडघे गेलेले. त्या तळमजल्यावर, आम्ही भाडेकरू वर, आणि त्याच्या वर गच्ची. गच्चीचा जिना असा उभा की मीसुद्धा हात टेकून चढायची. माई वर गेल्याच नव्हत्या कित्येक महिन्यांत.

घरातलं दुसरं माणूस म्हणजे माईंचे धाकटे दीर, बाळभाऊ. साठीला आलेले, बायको ना मूल. माई लग्न होऊन आल्या तेव्हा हे लंगोटीत होते, माईंनीच नाक पुसून वाढवलेले. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं घाटावर चालवत. माणूस लोण्यासारखा, पण एक खोड. भांग. आता काशीत ही खोड नव्हेच. आपल्याकडे चारचा चहा, तशी तिथे संध्याकाळची भांग. सरकारी दुकानात पाटी लावून मिळते, आणि म्हातारे वैद्याकडून औषध आणावं तसे ती घेऊन जातात.

पण गेल्या शिवरात्रीला बाळभाऊंचा तोल सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते साताऱ्याच्या एका यजमानाच्या बापाचं श्राद्ध चालवायला बसले आणि पिंडांवर तांदूळ टाकत खड्या आवाजात मंगलाष्टकं म्हटली. 'शुभमंगल सावधान'पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. यजमानांचा धाकटा मुलगा तर टाळ्या वाजवून मोकळा झाला.

माईंनी दिराशी बोलणं टाकलं. शेवटी बाळभाऊंनी संकठादेवीसमोर पाणी सोडलं की पुढच्या शिवरात्रीपर्यंत भांग तोंडाला लावणार नाही. आणि माईंनी सगळ्या घराला ऐकवलं, "या घरात भांगेचं एक पान जरी दिसलं ना, तर ज्याच्याकडे दिसेल तो बाहेर. मग तो दीर असो की किरायेदार."

हे मला नंदानं पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, "आपल्याला काय करायचंय बाई, आपण बरं नि आपली भाजी बरी."

अंबाडी

माईंनी महाराष्ट्र पाहिलेला नाही. त्या त्याला 'देश' म्हणतात. "तुमच्या देशात ज्वारी खरंच माणसाच्या डोक्यावर जाते का गं?" असं विचारायच्या. माझं बी त्यांनी हातावर घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या आजेसासूबाई शेवटच्या दुखण्यात अंबाडीची भाजी मागत होत्या. सगळे म्हणाले, गंगाजल घ्या. त्या म्हणाल्या, गंगाजल रोजचंच आहे, अंबाडी आणा. कुठून आणणार? काशीत गंगा आहे, विश्वनाथ आहे, अंबाडी नाही."

मी मनात म्हटलं, ठरलं. मला ना पैसा, ना शिक्षण. या बाईनं माझ्या डोक्याला शाल गुंडाळलीय, तिला मी एक ताट अंबाडी खाऊ घालीन. कण्या, भरडलेली डाळ, शेंगदाणे घातलेली, वरून लसणाची कडकडीत फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी. देशच येऊन ताटात बसेल.

अंबाडी पावसाळ्यात पेरतात हे मला समजत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, ज्या गावात गंगासुद्धा उलटी, उत्तरेला वाहते, तिथे अंबाडीनं थंडीत उगवायला काय हरकत आहे? बाळभाऊंनी घाटावरचा पुराचा गाळ पाट्या भरभरून आणून दिला. डालड्याचे जुने डबे, एक फुटका माठ, एक गळकी बादली, यांत मी बी पेरलं. वर राख भुरभुरली आणि वाट पाहिली.

उगवलं! आधी थोडं, मग दाटीनं. पानं पाहा तर हाताच्या पंजासारखी, कडेला करवत. माझा आनंद गगनात मावेना. जरा बारीक होती पानं, बोटं सुटी सुटी. पण परक्या मुलखात माणूस वाळतो, तशी भाजीही वाळणारच.

बाळभाऊ वर आले. डब्यांसमोर उकिडवे बसले. मग अगदी हळू म्हणाले, "ताई, ही... तुमची अंबाडी?"

"हो! काय तरारलीय ना?"

"बहुत," ते म्हणाले. आणि डोळे पुसले. मला वाटलं, देशाच्या आठवणीनं.

पौष, धुकं

मार्गशीर्षात नातू झाला. ते दिवस मी लिहू शकत नाही, फक्त माईंना नमस्कार करते. सुईण त्यांनी आणली, शेगडी त्यांची, बाळाला शेक त्यांच्या देखरेखीखाली. गुडघे दुखत असून आमच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या त्या बसून बसून चढायच्या. आई असती माझी, तर तिनंही याहून जास्त केलं नसतं.

आणि थंडी! आपल्याकडे थंडी म्हणजे सकाळी घोंगडी, दुपारी उन्हात पापड. काशीत पौषात सूर्य रजेवर जातो. धुकं असं की गच्चीवरून गंगा दिसत नाही, नुसती नावाड्यांची भांडणं ऐकू येतात. घाटावरच्या बकऱ्यांना लोक जुने स्वेटर घालतात. एका बोकडाला तर मी कोट घातलेला पाहिला, वरची गुंडी लावलेला. त्याच धुक्यात एक माणूस पहाटे मलइयो विकायला येतो. दुधाचा नुसता फेस, दवात ठेवलेला, केशरी, तोंडात ठेवला की नाहीसा. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला वाटलं माझ्याकडून सांडला, म्हणून खाली शोधत होते.

गच्चीवर तुळस काळी पडली. मिरची आखडली. कोथिंबीर उगवली तेवढीच राहिली, वर येईना. आणि अंबाडी? अंबाडी त्या गारठ्यात अशी वाढली की कमरेला लागली. दव पडलं की सगळ्या झाडांच्या माना खाली, हिची वर. एक उग्र वासही सुटायचा. मी म्हणायची, गंगेचा गाळ आहे, वास येणारच.

एक गोष्ट मात्र खटकली. मी एक कोवळं पान चावून पाहिलं, तर आंबट नाही! अंबाडी ती, आणि आंबट नाही?

"बाळभाऊ, हिला चवच नाही हो."

बाळभाऊ गंभीर झाले. "ताई, थंडीत खटास उतरत नाही. शिवरात्र होऊ द्या. शिवरात्रीच्या आधी पान तोडायचं नाही. मग बघा चव."

"तुमच्याकडे असं असतं का?"

"आमच्याकडे असंच असतं," ते म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

काय सेवा केली त्यांनी त्या झाडांची! माकडं येऊ नयेत म्हणून काठी घेऊन गच्चीवर पोथी वाचत बसायचे. ऊन दिसलं की डबे उन्हात, ऊन सरकलं की डबे सरकवायचे. एकदा मी रात्री झाडांवर पोतं घालायला विसरले, तर स्वतःची कानटोपी काढून माठावर ठेवली.

आणि लोक! पलीकडच्या गच्चीवर एक पहलवान दंड काढायचा. तो ओरडून म्हणायचा, "बाल गुरू, खेती जबरदस्त है!" बाळभाऊ हात जोडून माझ्याकडे दाखवायचे, "हमारी नहीं, माताजी की है." दुसऱ्या दिवशी त्या पहलवानानं माझ्यासाठी बोरं पाठवली. हळूहळू गल्लीत मला मान मिळायला लागला. दूधवाला माप ओतून वर आणखी धार सोडायचा. पानवाला उठून उभा राहायचा. एकदा त्यानं लाजत विचारलं, "माताजी, थोड़ा प्रसाद हमें भी मिलेगा?"

मी म्हटलं, "क्यों नहीं? सबको खिलाऊँगी. भाजी बनाके, रोटी के साथ."

पानवाल्याच्या हातातला कात बोटांवरून ओघळला. "रोटी के साथ!" तो शेजारच्याला म्हणाला. "सुना? रोटी के साथ!"

त्या दिवसापासून गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा मला वाट देऊ लागली. मी परभणीला पत्र टाकलं की काशीच्या लोकांना भाजीपाल्याची फार कदर.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी

माघ लागला, धुकं विरळ झालं. माईंनी जाहीर केलं, "रथसप्तमीला मी वर येणार. बाळ, तू हात दे. सूर्याला दूध उतू घालायचं ते गच्चीवरच, आणि सगुणाची अंबाडीही बघायची. किती दिवस नुसती ऐकतेय."

माझ्या मनात आलं, नुसती बघायची कशाला? खाऊनच टाका. शिवरात्र कोणी पाहिलीय! मी आदल्या दिवशी सकाळी विळी आणि टोपली घेऊन वर गेले. बाळभाऊ पोथी टाकून उठले आणि डब्यांसमोर हात पसरून उभे राहिले.

"ताई, नाही. शिवरात्र."

"अहो, चिंच घालीन थोडी, आंबटपणा येईल. माईंसाठी करायचीय. उद्या त्यांना वाढणार."

"कोणाला?"

"माईंना. मग हा सगळा खटाटोप कोणासाठी केला?"

बाळभाऊंचा चेहरा तुळशीसारखा काळा पडला. कठड्यावर बसले. म्हणाले, "गल्लीला घाला, पहलवानाला घाला, मला नाही घातली तरी चालेल. पण वहिनीला नका. ताई, ही अंबाडी नाही."

"मग काय आहे?"

त्यांनी घाटाकडे, देवळांच्या कळसांकडे बोट केलं. "त्यांची आहे. महादेवाची. विजया."

"विजया कोण?"

"भांग, ताई. भांग." आणि मग एकदम बोलत सुटले. "तुमचं बी सडलं थंडीत. ही गाळातून आली. थंडीत इथे कुठेही येते, पण अशी कधीच नाही येत, आईशपथ! पहिल्या दिवशी सांगणार होतो. मग म्हटलं, शिवरात्रीला माझं व्रत सुटतं, तोवर राहू दे बिचारी. मी एका पानाला हात लावलेला नाही. नुसतं पाणी घातलं. पाणी न घालण्याचं मी देवीला कुठे म्हटलं होतं?"

मी टोपली खाली ठेवली. मग मीही खाली बसले. काय काय डोळ्यांसमोर आलं! दुकानात विकत मिळते हे खरं, पण गच्चीवर पिकवायची म्हणजे परवाना लागणारच. जावई बँकेत, सासू भांगेच्या शेतीत. आणि माई. 'ज्याच्याकडे दिसेल तो बाहेर.' या गारठ्यात ओलं बाळंतपण घेऊन नंदा कुठे जाईल? आणि ती गेली तरी एक वेळ खोली मिळेल, पण माईंच्या डोळ्यांत मी कशी दिसेन? ज्या घरानं शाल दिली, त्याच घराच्या डोक्यावर मी भांग पिकवली, आणि तीही नेमकी व्रताच्या वर्षी.

मी उठले आणि विळीनं पहिलं झाड कापलं.

"ताई! तीन आठवड्यांची गोष्ट आहे हो!"

"सरका."

"निदान माठातलं ठेवा. ते फार गुणी आहे."

"बाळभाऊ, सरका. ज्याची आहे त्याला देऊन येते."

सगळी कापली. पण गल्लीतून न्यायची कशी? टोपलीतून वर डोकावायला लागली. शेवटी नातवाच्या मोठ्या दुपट्यात गुंडाळली, वरून कुंची घातली आणि छातीशी धरली. जिन्यात नंदा भेटली. तिच्या छातीशी बाळ, माझ्याही छातीशी बाळ.

"आई, हे काय?"

"काही नाही. महादेवाला नेतेय."

"कोणाला?"

"तू दूध पाज."

तो प्रवास मी कधी विसरणार नाही. परभणी ते बनारस काहीच नव्हतं. दुर्गाघाटावरून खाली उतरलो, मी पुढे, बाळभाऊ मागे, पाठवणीला निघाल्यासारखे. पहिल्या वळणावर तोच किंवा त्याचा भाऊ असलेला एक सांड माझ्या दुपट्याचा वास घेऊन मागे लागला. मी भराभर चालले, तो भराभर. एक बाई पदर सावरत आली, "अरे, लल्ला है? मुँह तो दिखाइए!" मी म्हटलं, "नजर लगती है." सांड मागून फुसफुसला.

पुढे घाटाच्या पायऱ्यांवर एक हवालदार. मी कुंची आणखी पुढे ओढली. तो वाकून बघायला लागला, "माताजी, बच्चे को ठीक से ढकिए, हवा लग..." आणि थांबला. त्यानं श्वास आत घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग टोपी काढून दुपट्याला हात जोडले आणि म्हणाला, "हर हर महादेव." एवढंच. मी पळालेच.

संकठा घाटावर बाळभाऊंनी देवीच्या दिशेनं नमस्कार केला, पण तोंड गंगेकडे करून. तिथे एक साधू ऊन खात बसला होता. त्यानं डोळे न उघडताच म्हटलं, "खुशबू बता रही है, लड़का संत बनेगा."

शिंदे घाटावर पाण्यात एका बाजूला कललेलं देऊळ आहे. त्याच्या वरच्या अंगाला एक लहानसं शिवमंदिर. मी दुपटं सोडलं आणि सगळा ढीग पिंडीसमोर ठेवला. पुजारी आधी पिंडीकडे, मग ढिगाकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. "पूरी फसल?"

"पूरी," मी म्हटलं. "माफ कर रे बाबा, मला वाटलं अंबाडी आहे."

हे मी पिंडीला मराठीत म्हटलं. पुजाऱ्यांना वाटलं मंत्र आहे, त्यांनी घंटा वाजवली. घंटेनं माणसं जमली. बघता बघता रांग लागली. पुजारी प्रत्येकाच्या हातावर एक एक पान ठेवू लागले. माझी ओळखदेखही नसलेले लोक माझ्या पाया पडून गेले.

मग पुजाऱ्यांनी बाळभाऊंपुढे हात केला. हातात शेंड्याची कोवळी डहाळी. "लीजिए गुरू. आपके लिए अलग रखी."

बाळभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मी त्यांच्या मागेच उभी होते, म्हणून मला दिसलं, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं होतं. "शिवरात्रि के बाद," ते म्हणाले. आवाज अगदी लहान मुलासारखा. सारी थंडी ते पान त्यांच्या नाकासमोर वाढलं होतं. मी रागावले होते तो राग तिथेच पायऱ्यांवर राहिला.

रथसप्तमी आणि पुढे

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. खरं, पिवळं, कोवळं. बाळभाऊंनी माईंना जवळजवळ उचलूनच गच्चीवर आणलं. मी गोवऱ्यांवर बोळकं ठेवलं, दूध पूर्वेला उतू घालायचं म्हणून. माईंनी कपाळावर हात धरून सूर्य पाहिला, मग गंगा पाहिली, मग ओळीनं रिकामे डबे पाहिले. डब्यांत नुसती खुंटं.

"अंबाडी कुठे गं?"

बाळभाऊ म्हणाले, "वहिनी, माकडांनी..."

माझ्यानं राहवेना. खोटं बोलायला धीर लागतो, तो माझ्याकडे नाही. मी सगळं सांगितलं. बी सडलं तिथपासून पुजाऱ्याच्या घंटेपर्यंत. आणि शेवटी म्हटलं, "माई, आम्ही खोली सोडतो. फक्त बाळ जरा मोठं होईपर्यंत..."

माईंनी वाकून एका डब्यातलं गळलेलं पान उचललं. हुंगलं. दिराकडे पाहिलं. "एकही नाही?"

"एकही नाही, वहिनी. देवीची आण."

"पुजारी देत होता तरी?"

बाळभाऊ वाकून एक डबा सरळ करू लागले. मी म्हटलं, "दिली होती. त्यांनी हात मागे घेतले. मी पाहिलं."

तेवढ्यात दूध उतू गेलं. माईंनी हात जोडले, मग माझ्याकडे वळल्या. "खोली सोडते म्हणे. पोराला घेऊन कुठे जाणार, वेडे? मी बोलले होते, पान दिसलं तर बाहेर. इथे पान कुठे आहे? इथे खुंटं आहेत." आणि हातातलं पान त्यांनी कठड्यावरून गंगेच्या दिशेनं सोडून दिलं. "पण सजा मिळेल. याची शिवरात्र तू वाहून आलीस. आता शिवरात्रीला सरकारी दुकानातून तूच घेऊन यायचं."

"मी?"

"मग काय मी जाऊ, या गुडघ्यांनी?"

शिवरात्रीच्या दुपारी मी त्या दुकानासमोर, डोक्यावरून पदर घेऊन, पुरुषांच्या रांगेत उभी राहिले. आयुष्यात मी कधी विड्याचं पानसुद्धा एकटीनं घेतलेलं नाही. माझ्यापुढचे सगळे पांगले आणि मला वाट दिली. दुकानदारानं गल्ल्यामागून मान काढली. "अरे, माताजी! आप? आपको खरीदने की क्या जरूरत?" साऱ्या रांगेत हसू पसरलं. माझे कान इतके तापले की थंडी म्हणून वाटली नाही.

घरी माईंनी स्वतः बदाम, बडीशेप, मिरी वाटली, दुधात घातली, माझ्याकडची पुडी सोडली आणि पितळी पेला भरून बाळभाऊंपुढे ठेवला. बाळभाऊ पाटावर बसले होते, धूतवस्त्र नेसून. पेला उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"वहिनी, तू आत जा ना."

"का?"

"तुझ्यासमोर कसं पिऊ?"

"समोरच पी. लपून प्यायलास म्हणून साताऱ्याच्या माणसाचा बाप नवरदेव झाला."

मी आणि नंदा दारात उभ्या होतो. बाळभाऊंनी डोळे मिटले, नाक धरलं, आणि लहानपणी माईंच्या हातून एरंडेल घेतलं असेल तसा सगळा पेला एका दमात रिकामा केला. तोंड पुसलं. रिकाम्या पेल्यात वाकून पाहिलं. मग तक्रारीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, अशी प्यायली तर यात काहीच मजा नाही."

"ठाऊक आहे," माई म्हणाल्या, आणि पेला विसळायला घेऊन गेल्या.